अर्थिंगला पाणी पाजण्याचा उन्हाळा

पाडवा होऊन चार दिवस झाले की नांदेडच्या रस्त्यांच्या कडेला कुलरच्या गवताचे ढीग लागतात. पत्र्याचे रिकामे कुलर एकावर एक रचलेले असतात, शेजारी कोणीतरी उकिडवं बसून ताट्यांमध्ये गवत भरत असतो, आणि गिऱ्हाईक आलं की त्यावर पाणी मारून दाखवतो. ओल्या लाकडाचा तो वास आला की बाकीच्यांना गार वाटत असेल. माझ्या उजव्या हाताची बोटं मात्र आपोआप मिटतात. मूठ आवळूनच मी पुढं जाते आणि सोबत जो कोणी असेल त्याला विचारते, ‘तुमच्या घरचं अर्थिंग कधी तपासलं होतं?’ या प्रश्नावरून शाळेत मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

मी विज्ञान शिकवते. दहावीच्या मुलांना विद्युतधारा शिकवताना फळ्यावर तीन वायरी काढते, तिसरीखाली जमीन काढते, आणि जमिनीवर आडव्या रेघा मारते. पुस्तकात एवढंच असतं. त्या रेघांखाली काय काय असावं लागतं ते पुस्तकात नसतं, म्हणून मी तोंडी सांगते. मुलं कंटाळतात. सांगून झालं की मी परत सांगते.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीबरोबर तिच्या मुलीसाठी खोली बघायला लातूरला गेले होते. बसमधून उतरल्यापासून दोन्ही बाजूंना नुसते फलक. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींचे फोटो, फोटोखाली गुण, गुणांखाली क्लासचं नाव. ज्या हॉस्टेलात गेलो तिथला मालक चांगला होता, पाणी दिलं, चहा मागवला, आणि एकेक गोष्ट दाखवत सुटला. वायफाय आहे, फिल्टरचं पाणी आहे, जिन्यात कॅमेरे आहेत, मेसला रविवारी गोड असतं. मी विचारलं, ‘अर्थिंगचा खड्डा कुठंय?’

‘म्हंजे?’

‘या इमारतीचं अर्थिंग जिथं जमिनीत गेलंय ती जागा. दाखवा.’

तो हसला. कोणाला तरी फोन लावला. मग आम्ही सगळे खाली पार्किंगमध्ये गेलो, दोन मोटारसायकली सरकवल्या, आणि एक सिमेंटचं झाकण उघडलं. आत गुटख्याच्या पुड्या आणि फुफाटा झालेली कोरडी माती होती. भाची माझा पदर ओढत होती. ‘मावशी, चल ना गं, बस जाईल.’ मी मालकाला म्हटलं, ‘यात पाणी घालत चला, माणूस बोलावून तपासून घ्या, आणि मेन बोर्डाला करंट गळला की आपोआप बंद होणारा स्विच बसवा. झालं की फोन करा. मग आमची मुलगी येईल.’ तो ‘हाव मॅडम, हाव’ म्हणाला, ज्याचा आमच्याकडे अर्थ ‘तुम्ही आधी निघा’ असा होतो. बहीण परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलली नाही. चांगली खोली हातची गेली असं तिला वाटत होतं, आणि मला तिची बाजू कळत होती, कारण त्या उन्हाळ्यात मीही अशीच फुगून बसले होते. तेव्हा माझ्या जागी आई होती.

आमचं घर लातूरचंच. भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आमच्या घराचं फारसं काही बिघडलं नव्हतं. स्लॅबला एक आडवी भेग पडली आणि मधल्या खोलीच्या भिंतीचे पोपडे निघाले, एवढंच. पण आई गल्लीतल्या बायकांबरोबर किल्लारीकडच्या गावांत भाकरी वाटायला गेली होती. परत आल्यावर तिनं आमची अंथरुणं अंगणात टाकली. त्यानंतर आई त्या स्लॅबखाली स्वयंपाक करायची, भांडी घासायची, पण टेकायची नाही. भाजी निवडायची झाली तरी ताट घेऊन बाहेर यायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका शाळेत क्लार्क होते, पण हात मिस्त्र्याचे. त्यांनी अंगणात सिमेंटचा ओटा घातला, त्यावर लोखंडी अँगल उभे केले, चारी बाजूंनी पत्रा ठोकला आणि वरही पत्रा. पडला तर खोक पडेल, माणूस दबणार नाही, हे त्या वेळचं लातूरचं शहाणपण होतं. त्या खोलीत आई पहिल्यांदा रात्रभर झोपली. अण्णांनी ती खोली कशासाठी बांधली हे मला तेव्हाही कळत होतं. आमच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नव्हती. अण्णा पत्रे ठोकायचे.

मग क्लासेसचा सुकाळ आला. देगलूर, माहूर, चाकूर, कुठकुठून मुलं ट्रंका घेऊन लातुरात उतरायला लागली, आणि भूकंपाच्या भीतीनं बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांना भाडेकरू मिळाले. अण्णांनी आमच्या खोलीला लागून आणखी चार खोल्या काढल्या. एकेका खोलीत दोघी मुली. दोन पलंग, दोन टेबलं, भिंतीवर रसायनांची सूत्रं चिकटवलेली, आणि खिडकीच्या जागी बाहेरून बसवलेला कुलर. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात कुलरशिवाय बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं.

वायरिंग अण्णांचंच. सरळ रेषेत पट्ट्या, एका मापावर खिळे, बघणारा वाहवा करायचा. तिसरी वायर, म्हणजे अर्थिंगची, त्यांनी कोपऱ्यातल्या अँगलला नटबोल्टनं आवळली होती आणि बोल्टला वरून लाल रंग लावला होता. ‘एवढं टनभर लोखंड हाय,’ ते सांगायचे, ‘करंट आला तरी पांगून जातो.’ गल्लीत सगळ्यांनी त्यांचं बघून तसंच केलं होतं. पत्र्याची खोली आणि अर्थिंग पत्र्याला. ते पत्रे कोरड्या सिमेंटच्या ओट्यावर उभे होते, जमिनीशी त्यांची ओळखच नव्हती. एका कुलरमधला करंट पाचही खोल्यांच्या भिंतींत फिरेल अशी सोय आम्ही आपल्या हातानं करून ठेवली होती, तीही लाल रंग लावून.

आणि भिंती झिणझिणायच्या. आम्ही त्याला मुंग्या येणं म्हणायचो. ‘चार नंबरच्या भिंतीला आज मुंग्या जास्त हायत’ हे वाक्य आमच्या घरात ‘आज ऊन जास्त आहे’ इतक्या सहज बोललं जायचं. त्यावर उपायही ठरलेले होते. प्रत्येक कुलरपाशी रबरी चप्पल ठेवलेली. घामेजल्या पाठीनं भिंतीला टेकायचं नाही. कुलरला हात लावायचा तर उलट्या हातानं लावायचा. घरातल्या फ्रिजला स्टॅबिलायझर होता, टीव्हीला आईनं विणलेलं झाकण होतं आणि आभाळ गडगडलं की अण्णा धावत जाऊन टीव्हीची पिन काढायचे. माणसांसाठी मात्र चप्पल पुरेशी होती. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विद्युतप्रवाहाच्या पेपरात मला चांगले गुण होते, आणि त्याच भिंतीला उलटा हात लावून मी पुढं जात होते. याची मला आजही शरम वाटते.

तो उन्हाळा नवीनच सुरू झालेल्या सीईटीचा. बारावीचे पेपर संपले तरी मुली गावी गेल्या नव्हत्या. मेच्या मध्यात सीईटी होती आणि क्लासवाल्यांनी सकाळ-संध्याकाळ जादा तास लावले होते. चार नंबरच्या खोलीत देगलूरची सुजाता राहायची. बारीक, चष्मेवाली, पाठांतर करताना एका पायावर उभी राहणारी. घरात वडिलांशी बोलताना अर्धं तेलुगू, शेजाऱ्यांशी कानडी आणि आमच्याशी मराठी. आईला ती पहिल्या दिवसापासून ‘काकू’ म्हणायची आणि आईनं वाढलेलं सगळं निमूट खायची, त्यामुळं आईचा तिच्यावर जीव होता.

एका दुपारी ती अंगणात टॉवेल वाळत घालत होती. कपड्यांची तार दोन खोल्यांच्या अँगलमध्ये ताणलेली होती. तिनं ओला टॉवेल तारेवर टाकला आणि ती तशीच उभी राहिली. ओरडली नाही. हात तारेवरच. मी चार पावलांवर बसले होते आणि मला वाटलं, काहीतरी आठवतेय. मग तिचे गुडघे वाकले, अंगाच्या वजनानं हात सुटला आणि ती खाली बसली. चष्मा मातीत पडला होता.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘तारेनं धरलं की ओ मला. सोडंनाच बघा.’

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती सुजाताकडे गेली नाही. आधी सरळ मेन बोर्डापाशी गेली आणि खटका खाली ओढला. पाचही कुलर एकामागून एक थांबले. मग येऊन तिनं सुजाताचा हात आपल्या हातात घेतला, तळवा उघडून बघितला, आणि कितीतरी वेळ तो हात सोडलाच नाही.

संध्याकाळी अण्णा घरी आले तेव्हा कुलर बंदच होते.

‘जिमिनीत अर्थिंग होईस्तोवर एक बी कुलर लागणार न्हाई,’ आई म्हणाली.

‘परीक्षा तोंडावर हाय पोरींची. येडी झालीस का?’

‘हाव, झाले.’

‘सगळ्या लातुरात असंच हाय. कुणाला काय झालंय आजवर?’

‘मला ते म्हाईत न्हाई. लोकाची लेकरं हायत. आपल्या भरवशावर आईबापांनी ठिवलीत. न्हाई म्हंजे न्हाई.’

अण्णांना राग आला. तो विजेचा नव्हता, त्यांच्या हातच्या कामाला नाव ठेवल्याचा होता. आणि मला आईचा राग आला होता. मला वाटलं, हिला विज्ञानातलं काय कळतं, एक चप्पल जास्त आणली असती तर भागलं असतं. मुली बिचाऱ्या वह्यांनी वारा घेत बसल्या होत्या. एकीनं बोलूनही दाखवलं की शेजारच्या घरात खोली रिकामी आहे आणि तिथं कुलर चालू आहे.

दुसऱ्या दिवशी आईनं हनीफचाचांना बोलावलं. गंजगोलाईच्या बाजारामागं त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, तीन पिढ्यांचं. शहरातल्या निम्म्या पाण्याच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. चाचा अण्णांचे दोस्तच, त्यामुळं ते आधी अण्णांशी क्रिकेटवर बोलले. मग त्यांनी पिशवीतून एक बल्ब काढला. होल्डरला दोन वायरी जोडलेल्या. ओल्या मातीत एक सळई ठोकली, एक वायर सळईला लावली, मुलींना ओट्यावरून खाली उतरवलं, चार नंबरचा कुलर चालू करायला सांगितला आणि दुसरी वायर पत्र्याच्या भिंतीला टेकवली. बल्ब लालसर पेटला. मग ते एक नंबरच्या भिंतीपाशी गेले, जिथला कुलर बंद होता. बल्ब तिथंही पेटला. शेवटी कपड्यांच्या तारेला लावला. तिथंही.

‘अण्णा,’ चाचा म्हणाले, ‘काम तुझं एकदम साफ हाय. सोच गलत हाय. करंट पांगत नसतो, वाट बघत असतो. जिमीन भेटली की जातो. तू त्याला जिमीन दिली न्हाई, म्हणून तो ह्या पोरीतून जाऊन राहिला होता.’

चाचांनी मेन बोर्डावरचा फ्यूज काढून बघितला. सारखा उडतो म्हणून अण्णांनी त्यात जाड तार घातलेली होती. चाचांनी ती तार त्यांच्या हातावर ठेवली, आणि अण्णांनी ती खिशात टाकली.

काम सांगितलं तितकं सोपं नव्हतं. पुरुषभर खड्डा हवा होता, तांब्याची पट्टी हवी होती, कोळसा हवा होता, जाडं मीठ हवं होतं. चाचांना पट्टी मिळेपर्यंत चार-पाच दिवस जाणार होते. इकडे पत्र्याच्या खोल्यांत सकाळी नवापासूनच बसवत नव्हतं. सुजाताच्या अंगावर घामोळं उठलं होतं आणि तिच्या वहीची पानं हाताला चिकटत होती. तिसऱ्या दिवशी आईनं मधल्या खोलीतली धान्याची पोती बाजूला सरकवली, फरशी धुतली, सतरंजी टाकली आणि मुलींना म्हणाली, ‘हितं बसा. हितं गार हाय.’ ती स्लॅबची खोली होती. छताला तीच भेग.

मुली पटापट आत गेल्या. त्यांना त्या भेगेचं काय. आई उंबऱ्यावर उभी राहिली. पदराचा बोळा हातात. मग ती आत गेली आणि त्या भेगेखाली, मुलींच्या मधोमध, भिंतीला टेकून बसली. सात वर्षांत मी तिला तिथं टेकलेलं बघितलं नव्हतं. ‘तुम्ही वाचा,’ ती म्हणाली, ‘मी हाय.’ रोज दुपारी ती तशीच बसायची, हातात काही काम न घेता, नजर वर. मुली रसायनशास्त्र वाचायच्या आणि आई छत राखायची. त्या दुपारी माझा राग कुठल्या कुठं गेला, आणि मी अण्णांना शोधत बाहेर गेले तर अण्णा अंगणात कुदळ घेऊन उभे होते.

त्यांनी खड्डा खणला. वरची काळी माती उन्हानं तडकून दगड झालेली, खाली मुरूम. मी घमेली उचलत होते. दुसऱ्या दिवशी खड्डा छातीपर्यंत गेला तेव्हा अण्णा आतूनच म्हणाले, ‘मला वाटलं होतं, लोखंड हाय तवर भीती न्हाई.’ एवढंच. मी पुढचं घमेलं उचललं.

मध्येच सुजाताचे वडील देगलूरहून आले. तिनं एसटीडी बूथवरून फोन केला होता की इथं कुलर बंद आहेत. त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं, सीझन सोडून आले होते आणि चिडलेले होते. ‘बाई, आम्ही पोरीला शिकायला ठेवलंय की भाजायला?’ ते म्हणाले. ‘चल गं सुजाता, सामान भर. दुसरीकडं बघतो.’

आई म्हणाली, ‘घिऊन जावा. मी अडवणार न्हाई. पर जिथं न्याल तिथल्या पत्र्याला आधी स्वतः हात लावा, मग पोरीला ठिवा.’

चाचा तेव्हा पट्टी घेऊन आलेलेच होते. त्यांनी पुन्हा तो बल्ब काढला. कुलर चालू केला, वायर भिंतीला टेकवली. सुजाताचे वडील बल्बमधल्या लालसर तारेकडे बघत राहिले. दिवसाउजेडी, विजेच्या खांबापासून दूर, पत्र्याच्या भिंतीवर पेटलेला बल्ब. ‘पेटला की ओ हा,’ ते हळूच म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सामानाचं नाव न काढता पोत्यावर बसून राहिले. जाताना आईला म्हणाले, ‘परीक्षा होईस्तोवर तुमच्यापाशीच राहू द्या.’

खड्डा भरायच्या दिवशी सगळी गल्ली जमली. चाचांनी तळाशी पट्टी उभी केली, तिला जाड पट्टा जोडला, मग कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा, परत मीठ. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थबकायच्या. खोल खड्डा, काळे कोळसे, खडेमीठ आणि शेजारी उभी माझी आई. संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्या पलीकडे बातमी गेली होती की आमच्या घरात कोणावर तरी करणी करून राहिलेत. चाचांना हे कळल्यावर ते हसून हसून दमले. ‘भाभी,’ म्हणाले, ‘करणीच हाय ही. पण रोज पाणी मागते. खड्डा सुकला की काम खतम.’

आणि पाणी हीच तर लातूरची रड. नळ आठवड्यातून एकदा यायचा, आला तर. अंगणात पिंप, बादल्या, कळश्या, सगळं भरून ठेवलेलं आणि त्यावर आईचा डोळा. त्या पाण्यातली एक बादली आई दिवसाआड खड्ड्यात ओतायला लागली. शेजारच्या निर्मलाकाकू कुंपणावरून बघायच्या. ‘अगं, मानसाला प्यायला पाणी न्हाई आन तू मातीला पाजून राहिलीस?’ आई म्हणायची, ‘माझ्या आंघोळीचं हाय.’ ते खरं होतं. दिवसाआड ती ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची आणि तिच्या वाटणीची बादली खड्ड्यात जायची. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, तेही तिकडेच. मुलींना तिनं एक शिस्त लावली, आधी पिन काढायची, मग कुलरमध्ये पाणी भरायचं, मग हात कोरडे करायचे, मग पिन लावायची. एखादी विसरली की आई स्वतः जाऊन तिचा कुलर बंद करायची आणि अर्धा तास लावू द्यायची नाही. परीक्षा आहे, पाया पडते, काही चालायचं नाही.

अण्णांनी लाल बोल्ट सोडवला, प्रत्येक खोलीची तिसरी वायर नव्यानं ओढून खड्ड्याला जोडली आणि पत्र्यालाही वेगळा पट्टा दिला. फ्यूजमध्ये बारीक तार गेली. चाचांनी बल्ब लावून बघितला. पाचही भिंती, तार, कुलर, कुठंच पेटला नाही. चार नंबरच्या कुलरची फाटकी वायर चाचांनी बदलून दिली. मुंग्या गेल्या. गल्लीतले चार-दोन लोक येऊन भिंतीला सरळ हात लावून गेले. त्यांच्यापैकी दोघांनी खड्डे खणले, बाकीच्यांनी ‘बघू पुढं’ म्हटलं.

आज घराघरात आम्हा मास्तरांकडेसुद्धा किती वस्तू आल्या. वॉशिंग मशीन, गिझर, इन्व्हर्टर, बोअरची मोटार. दारात गणपतीला लायटिंगची माळ, तीही लोखंडी जाळीला गुंडाळलेली. वस्तू घेताना आपण वॉरंटी विचारतो, रंग विचारतो. जुन्या घरात दोन भोकांचा सॉकेट असला तर पिनेचा तिसरा, जाड पाय सरळ पिरगाळून काढतो, कारण तो आडवा येतो. मी असे पाय मोडलेल्या पिना शाळेत गोळा करायला लावते आणि मुलांपुढं टेबलावर मांडते. पोरं म्हणतात, बाई, काही होत नाही. मला त्या पोरांचा राग येत नाही. मीही हेच म्हणत होते.

हॉस्टेलच्या मालकाला मी चार दिवसांनी फोन केला, मग सातव्या दिवशी केला, मग रोज करायला लागले. परवा त्यानं कंटाळून फोटो पाठवला. खड्डा साफ केलेला, माती ओली, बोर्डावर नवा स्विच. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम आता तरी या.’ बहिणीला फोटो दाखवला. तिला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. खड्ड्याच्या फोटोत दिसणार तरी काय. भाची उद्या जाणार आहे.

त्या उन्हाळ्यातली सीईटी चार दिवसांवर आली होती. ऊन टळटळीत, दुपारचे तीन. पाचही कुलर चालू होते. आई ओट्याच्या पायरीपाशी उभी राहून पिंपावर ओलं फडकं टाकत होती. सुजाता न्हाऊन आली होती, केसांतून पाणी ठिबकत होतं, पायात चप्पल नव्हती. डाव्या हातात उघडी वही, तोंडानं पाठांतर, आणि उजव्या हातानं ती तारेवर ओली चादर सारखी करत होती. चादरीचं दुसरं टोक तिच्या पायावर होतं. तेवढ्यात दोन नंबरच्या कुलरची पाण्याची मोटार आतल्या आत जळाली. खर्र असा आवाज आला, जळक्या वायरीचा वास आला, मेन बोर्डावर फट्ट झालं आणि सगळे कुलर बसले.

सुजाताचा हात तारेवरच होता. आईनं तो बघितला. मीही बघितला. सुजातानं तोच हात उचलून कपाळावरचे ओले केस मागं सारले आणि वैतागून बोर्डाकडे बघितलं.

‘काकू, गेला बघा फ्यूज,’ ती म्हणाली. ‘तुमचं ते अर्थिंग केल्यापासून असंच हाय. आधीचंच बरं होतं की ओ, निस्त्या मुंग्या यायच्या, पर कुलर तरी चालायचा.’

‘हाव बाई,’ आई म्हणाली, ‘चुकलंच माझं.’

सुजाता वहीत डोकं घालून पुढचं पान पाठ करायला लागली. आई पायरीवर बसली. मग उठून तिनं आपल्या आंघोळीची बादली खड्ड्यात नेऊन ओतली, तो खड्ड्याला पाणी घालायचा दिवस नसतानाही.